गाण्याचा सावकाश भाग

आमच्या बँडच्या प्रमुखांना सगळे पापा म्हणतात. त्यांच्या काँगोत वडीलधाऱ्यांना तसंच म्हणायची पद्धत आहे. किन्शासात त्यांनी मोठा बँड चालवला, कॅसेटी काढल्या. इथे लंडनमध्ये ते दिवसा बस चालवतात आणि आम्हा पाचजणांना सांभाळतात. मी पुण्याची, सॉफ्टवेअर टेस्टर. त्यांच्या बँडमध्ये गिटार वाजवते.

सुकूस म्हणजे काँगोतलं नाचाचं संगीत. त्यातल्या गाण्याची रीत ठरलेली. आधी सावकाश गायचं, शब्द नीट ऐकवायचे. मग गिटारी सुटतात आणि लोक नाचतात. इथल्या लोकांना मात्र नुसता नाच हवा. लग्न असो की काउन्सिलचा मेळा, "फास्ट पार्टच वाजवा!" वर्षानुवर्षं पापांनी अर्धीच गाणी गायली. लंडनच्या हॅरो भागातल्या आमच्या मराठी मंडळाचा कार्यक्रम मी मिळवून दिला, तेव्हा ते म्हणाले, "या वेळी पूर्ण गाणार. नाहीतर बँड बंद." गाणं त्यांच्या गेलेल्या बायकोवरचं होतं. मला धडकीच भरली.

ऐनवेळी मंडळाचे सेक्रेटरी विंगेत आले. "ताई, डिनर लेट होतंय. डायरेक्ट फास्ट पार्ट घ्या ना, प्लीज."

मी पापांना सांगितलं. ते म्हणाले, "सावकाश भागात माझी बायको आहे. पुढच्या भागात नुसते तुमचे पाय."

आणि त्यांनी सावकाशच सुरू केलं. निम्मा हॉल जेवणाच्या रांगेकडे वळला. माझं डोकंच फिरलं. रात्र-रात्र शास्त्रीय गाणं ऐकल्याच्या बढाया मारणारी हीच मंडळी!

शब्द संपले, आमच्या गिटारी सुटल्या, लोक धावत परत आले. तेवढ्यात स्टेजची वीज गेली. इथल्या हॉलमध्ये आवाज मोजणारं यंत्र असतं, आवाज चढला की ते वीज तोडतं. गिटारी मुक्या झाल्या, माइक बंद.

कार्यक्रम आटोपला असं वाटून सेक्रेटरींचा चेहरा खुलला. पापा मात्र स्टेजच्या कडेला आले आणि त्यांनी गाणं पुन्हा पहिल्या ओळीपासून धरलं, नुसत्या गळ्यावर. ऐकायचं तर गप्प बसण्यावाचून इलाज नव्हता. प्लेटा घेतलेले लोक होते तिथेच उभे राहिले. मला रडू आलं, आणि त्याची लाजही वाटली नाही.

वीज परत आली. माझा हात आपोआप तारांकडे गेला. पापांनी न वळताच बोट वर करून मला थांबवलं.

"ताई, पॉवर आली!" सेक्रेटरी विंगेतून म्हणाले. "आता तरी फास्ट पार्ट! अजून किती वेळ?"

"अहो, थांबा की जरा," मी चांगलं मोठ्याने म्हटलं. "त्यांच्या बायकोचं चाललंय अजून."