वसईची घंटा
सुकेळीची पुडी उघडली, की उन्हात वाळलेल्या केळ्यांचा वास येतो आणि वसईच्या किल्ल्यातली ती दुपार मला छळायला लागते. जवळच्याच सांडोर गावचे एक वयस्कर ख्रिस्ती बागायतदार मला किल्ला दाखवत होते. छप्पर नसलेल्या चर्चच्या भिंतींतून झाडं फुटली होती, खाडीवरून खारा वारा येत होता. मी ऐटीत म्हणालो, “मराठ्यांनी किल्ला जिंकला तेव्हा इथल्या घंटा नेल्या. त्यातली एक आमच्या गावच्या देवळात आहे!” तेवढ्यात गावातल्या चर्चची बाराची घंटा झाली. त्यांनी टोपी काढली, क्रुसाची खूण केली आणि ओठांतल्या ओठांत प्रार्थना म्हटली. मग हळूच विचारलं, “तुमच्याकडे ती रोज वाजते ना?” “रोज,” मी म्हणालो. खरं तर आवाजाचा त्रास होतो म्हणून आम्ही तिचा लोलक कधीच दोरीनं बांधून टाकला होता. “मग बरं,” म्हणत त्यांनी पिशवीतून घरच्या सुकेळीची पुडी काढून दिली, “तिच्या देवापुढे ठेवा.” ती सुकेळी मी घरी पोचायच्या आत खाऊन संपवली. अजूनही गावी गेलो की देवळात हात जोडतो, पण मान वर करून घंटेकडे बघत नाही.