पाच पॉइंट सहा

गेल्या महिन्यातला एक मंगळवार. शहरातल्या एका जुन्या महाविद्यालयाच्या व्हरांड्यात मी बाकावर बसलो होतो आणि दर मिनिटाला घड्याळ बघत होतो. मुलाखत माझी नव्हती... माझ्या मुलीची, सायलीची होती.

सायली यंदा बी.कॉम. झाली. सीजीपीए, म्हणजे दहापैकी सरासरी गुण, पाच पॉइंट सहा. अर्थशास्त्रात एम.ए. करायचं असं तिनं ठरवलं, तेव्हा आम्ही नवरा-बायकोनं विरोध केला नाही. नकार द्यायचं काम कॉलेजं करणारच होती.

झालंही तसंच. तीन ठिकाणांहून मुलाखतीचं बोलावणंसुद्धा आलं नाही. हे चौथं आणि शेवटचं. इथल्या प्रवेश परीक्षेत तिला बरे गुण पडले होते, म्हणून आलेलं. इथंही नाही म्हणाले तर वर्ष जाणार होतं... पण मला भीती वर्षाची नव्हती. सायली हल्ली जेवताना बोलेनाशी झाली होती, त्याची होती.

नारायण पेठेत राहणारी माझी थोरली बहीण निकाल ऐकून म्हणाली होती, "पाच पॉइंट सहा? उंची म्हणून छान आहे हो!" सगळे हसले. सायलीही हसली, आणि ताट अर्धवट ठेवून उठली.

त्या गुणपत्रिकेतली खरी जखम म्हणजे संख्याशास्त्र. पहिल्या वर्षाच्या या विषयात ती दोनदा नापास झाली आणि तिसऱ्यांदा काठावर सुटली. याबद्दल विचारलं तर काय सांगायचं, या विचारानं माझी झोप उडाली होती.

मी हिशेबतपासणीतला माणूस. व्हाउचर नसेल तर कुणाचा रिक्षाचा खर्चही मान्य करत नाही. तरी मीच तिला सुचवलं, "टायफॉइड झाला होता म्हण."

"बाबा, टायफॉइड मला सातवीत झाला होता."

"त्यांना कुठे ठाऊक आहे?"

"आणि सर्टिफिकेट मागितलं तर? तुम्ही असता तर मागितलंच असतं."

विषय तिथेच संपला. भीती संपली नाही.

व्हरांड्यात माझ्या शेजारी एक गृहस्थ बसले होते. त्यांचा मुलगा नुकताच आत गेला होता. "आमच्याला नऊ पॉइंट एक," ते म्हणाले. "तुमच्या मुलीला?"

"अर्थशास्त्र," मी म्हणालो.

"नाही, पॉइंटर विचारतोय मी."

"इथं प्यायचं पाणी कुठे असतं हो?" असं म्हणून मी उठलो. पाणी समोरच होतं...

आधीची मुलं कपातला चहा निवायच्या आत बाहेर येत होती. सायली आत गेली ती येईचना. दार बंद, आतलं काही ऐकू येत नव्हतं. मग अचानक आतून मोठ्यानं हसण्याचा आवाज आला. दोघं-तिघं एकदम हसत होते... आणि माझ्या मुलीच्या गुणपत्रिकेत हसण्यासारखं काय आहे, हे मला पक्कं ठाऊक होतं.

ती बाहेर आली तेव्हा तिच्या बोटांना मार्करची शाई लागली होती. पार्किंगमध्ये स्कूटरपाशी पोहोचल्यावर तिनं रुमालानं बोटं पुसली. मग सांगू लागली.

एका मॅडमनी पहिलाच प्रश्न टाकला होता, "संख्याशास्त्रात दोनदा नापास. का?"

"मॅडम, समजलं नव्हतं. तिसऱ्यांदा समजलं."

"असं? मग आम्हालाही समजवा. स्टँडर्ड डेव्हिएशन म्हणजे काय? सूत्र नको."

सायलीनं फळ्यावर आमचा कोथरूडचा बसस्टॉप काढला. दोन बस. दोन्हींसाठी सरासरी दहा मिनिटं थांबावं लागतं. पहिली कधी नऊ मिनिटांनी येते, कधी अकरा. दुसरी कधी दोन मिनिटांत हजर, तर कधी अर्धा तास पत्ता नाही.

"सरासरी तीच, मॅडम. पण दुसऱ्या बसची वाट बघणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. तो गोळा केवढा, याचं माप म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशन."

शेजारच्या सरांनी खवचटपणे विचारलं, "आणि तुमचा सीजीपीए?"

"तीही सरासरीच आहे, सर. माझ्या सगळ्यात उशिरा आलेल्या बसही त्यात धरल्यात."

हसण्याचा आवाज आला तो तेव्हा.

मी हेल्मेट हातात धरून तसाच उभा राहिलो. ज्या विषयावर मी पांघरूण घालायला निघालो होतो, तोच तिला सगळ्यात पक्का येत होता. तीनदा अभ्यास केला होता ना...

पुढच्या आठवड्यात यादी लागली. सायलीचं नाव तळाशी होतं, पण होतं. आत्यानं पेढे पाठवले आणि सोबत निरोप, "उंची पुरली म्हणायची!"

त्या मॅडमना मी ओळखत नाही. आकडा पाहून त्या पुढचं नाव पुकारू शकल्या असत्या. त्यांच्या जागी मी बहुधा तेच केलं असतं. त्यांनी 'का' असं विचारलं आणि उत्तर पुरं होईपर्यंत त्या थांबल्या. त्यांचे आभार इथेच मानतो.

आज सायलीचा कॉलेजचा पहिला दिवस. ती स्टॉपवर उभी होती आणि मी गॅलरीत. बस बराच वेळ आली नाही, आणि मला भीती वाटलीच... फक्त आता त्या भीतीचं नाव मला ठाऊक आहे.