वाणीचा ण

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला तर नाहीच. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मला ओळखत नाही.

बंगळूरमध्ये मुलांना घरी शिकवणाऱ्या पालकांचा आमचा एक ग्रुप आहे. परवा तिथे प्रश्नावली आली — तुमची शिकवण्याची पद्धत ओळखा. मी 'मुलाच्या कलाने' वर खूण केली आणि मारतहळ्ळीच्या आमच्या फ्लॅटमध्ये एकटीच हसत बसले. माझी पद्धत त्या यादीत नव्हतीच. सूड असा रकाना कोण ठेवतं?

थांबा — आधी तो उंबरठा सांगते. मी वऱ्हाडातली, सासर पुण्याचं, सासूबाई मराठीच्या निवृत्त शिक्षिका. लग्नानंतर माप ओलांडताना मी उखाण्यात 'पानी' म्हणाले. आमच्याकडे सगळे तसंच म्हणतात. सासूबाईंनी हात आडवा धरला. "पाणी. पुन्हा म्हण." तीनदा. बायका तोंडाला पदर लावून हसल्या. पाठराखीण म्हणून आलेली माझी मावशी खाली बघत राहिली. तिची ती मान मी अजून विसरलेले नाही.

ण मी नंतर शिकले. बाथरूमचा नळ सोडून, महिनाभर. मला तो उत्तम येतो. पण कुणासमोर काढला नाही — तेवढं तरी सुख त्यांना का द्यावं?

मुलगी झाली. नाव त्यांनीच ठेवलं, वाणी. त्यातही ण! ती शाळेत जायला लागली तेव्हा म्हणाल्या, हिचं मराठी रोज फोनवरून मीच घेईन. त्याच वर्षी मी तिला शाळेतून काढलं. लोकांना सांगितलं, मुक्त शिक्षण वगैरे. खरं म्हणजे शाळा घरात आली की वेळापत्रक माझं. त्यांचा फोन आला की आमचा गणिताचा तास सुरू.

आणि मराठी? तेच तर सांगायचंय. अक्षरं मी शिकवली. ण आला की मी न म्हणायची — जाणूनबुजून, चेहऱ्यावरची रेषही न हलवता. बाबा वेगळं म्हणतो, असं ती म्हणाली, तर सांगितलं, आपल्या दोघींचं असंच असतं. किती खूश झाली होती ती.

गेल्या गणपतीत सासूबाई इकडे आल्या. जयनगरच्या एका मराठी मंडळात मी वाणीचं नाव दिलं आणि त्यांना पहिल्या रांगेत बसवलं. सात वर्षांची पोर माईकवर म्हणाली, "माझं नाव वानी. आजीनं ठेवलं." हशा पिकला. कुणीतरी विचारलंही, आजी मराठीच्या बाई ना? त्यांचा चेहरा उतरला आणि मला काय गार वाटलं म्हणून सांगू! वाणीही लाल झाली होती. दिसत होतं मला. तरी गारच वाटलं.

त्यानंतर कुणी नाव विचारलं की ती गप्प राहायची. मी तिलाही काही सांगितलं नाही.

ण तिला शेवटी खालच्या मजल्यावरच्या शारदाक्कांनी दिला. पपई चिरता चिरता त्यांनी तिला कन्नडमधलं 'हण्णु' शिकवलं, म्हणजे फळ. ती धावत वर आली. स्पीकरवर सासूबाई होत्या. "हण्णु. पाणी. वाणी," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली.

"आई, तुला येतो का ण?"

फोन चालूच होता. त्या ऐकत होत्या.

"नाही गं," मी म्हणाले.

तेव्हापासून रोज सकाळी ती मला शिकवते. "स्वल्प जीभ मागे ने, आई." मी न म्हणते. ती 'पुन्हा म्हण' असं कधीच म्हणत नाही. "सरी, उद्या," म्हणते, सरी म्हणजे कन्नडमधलं 'बरं', आणि माझा गाल थोपटते. तिची पद्धत त्या प्रश्नावलीत नक्की असेल.

दर रविवारी सासूबाई विचारतात, आईला आला का? वाणी मला फोनपुढे उभी करते, माझा हात धरून. मी 'पानी' म्हणते. पलीकडून सुस्कारा ऐकू येतो. अलीकडे पोरीचा हात सैल होतो.

मला दोन्ही कळतं. या रविवारीही मी पानीच म्हणणार आहे.