शोभाबाईंनी लावलेलं वन

शोभा कुलकर्णी आमच्या शाळेत विज्ञान शिकवायच्या, मी मराठी. केडगावहून आम्ही दोघी एकाच एसटीनं पिंपरखडीला जायचो. २००४ साली त्यांचा एकुलता एक मुलगा शौनक पुणे रस्त्यावर मोटरसायकलच्या अपघातात गेला. अठरा वर्षांचा होता. महिन्याभरानं बाई शाळेत आल्या त्या रोपांच्या पिशव्या घेऊनच.

शाळेमागे गावचं गायरान होतं. शंभरेक एकर मोकळा माळ. तिथं त्यांनी शौनकच्या नावानं चाळीस झाडं लावली. गिरिपुष्पाची, कारण ती पाण्याशिवाय जगतात आणि भराभर वाढतात. मग दरवर्षी प्रत्येक वर्गाकडून शेकड्यानं झाडं लावून घेतली. मुलं आपापल्या झाडाला नावं द्यायची. गावानं कुंपण घातलं, चराई बंद केली. लोक त्याला शौनकवन म्हणू लागले. बाईंना जिल्ह्याचा पुरस्कार मिळाला. त्या दिवशी कितीतरी दिवसांनी त्या हसलेल्या मी पाहिल्या.

विरोध एकाच माणसानं केला होता. भिमाजी, साठ मेंढ्यांचा धनी. पहिल्याच वर्षी तो शाळेत आला आणि दारातच उभा राहिला.

"बाई, ह्यो माळ रिकामा न्हाई. गवताचा हाय."

"भिमाजी, झाडं आली की पक्षी येतील. तुमच्याच मेंढ्यांना सावली होईल."

"सावलीत पवन्या गवत येत न्हाई, बाई. मेंढरं खातील काय?"

बाईंनी त्याला समजावून सांगितलं. तो ऐकून घेऊन गेला. सात वर्षांनी त्यानं मेंढ्या विकल्या आणि राहुरीला एका गोडाऊनवर राखणदार म्हणून राहिला. त्याची मुलगी अश्विनी तेव्हा बाईंच्याच वर्गात होती. हुशार. तिला शिकायला पुण्याला पाठवा म्हणून बाईच भिमाजीच्या मागे लागल्या होत्या.

तीच अश्विनी २०२२ च्या ऑक्टोबरात परत आली, माळावरच्या गवताचा अभ्यास करायला. बाई निवृत्त झाल्या होत्या, तरी उत्साहानं वन दाखवायला निघाल्या आणि मलाही घेऊन गेल्या.

अश्विनीजवळ पाइपची एक मीटर बाय एक मीटरची चौकट होती. झाडांखाली तिनं ती टाकली. आत वाळका पाला, टाकळ्याची चार रोपं, एका जातीचं गवत. नाकतोडा एकही नाही. दहा ठिकाणी टाकली, दहाही ठिकाणी तसंच. मग कुंपणाबाहेर रस्त्याकडेला माळाची एक खडकाळ पट्टी उरली होती, तिथं टाकली. नऊ जातींचं गवत निघालं. नाकतोडे इतके उडाले की मोजता येईनात. पलीकडून चंडोल उठला आणि गात वर गेला.

अश्विनीनं वही मिटली. "अजून बरीच मोजणी बाकी आहे, बाई."

"अश्विनी, मी तुम्हाला अन्नसाखळी कशी शिकवली होती?"

ती खाली बघत म्हणाली, "ऊन गवतात येतं. गवतातून नाकतोड्यात, नाकतोड्यातून चंडोलात, चंडोलातून ससाण्यात. दर पायरीला दहातला एकच वाटा पुढं जातो."

"म्हणजे पहिली पायरीच गेली तर पुढं काही नाही. माझ्या झाडांचा पाला कोण खातं?"

"बाई..."

"सांग."

"फारसं कुणीच नाही. मेंढ्या तोंड लावत नाहीत, किडेसुद्धा थोडेच. मी लहान असताना इथं धाविक पक्षी जमिनीवर अंडी घालायचे, खोकडाची बिळं होती. आता नाहीत."

बाई तिथंच दगडावर बसल्या. मला म्हणाल्या, "पुस्तकातल्या नकाशात जंगल, वाळवंट, गवताळ प्रदेश असे वेगवेगळे रंग असायचे गं. गवताळ प्रदेश आला की मी आफ्रिका सांगायची. वर्गाच्या खिडकीतून हा माळ दिसत होता. त्याला मी पडीक म्हणायची."

पुढच्याच आठवड्यात त्या राहुरीला भिमाजीकडे गेल्या. त्यानं घाईघाईनं खुर्ची पुसून दिली. बाईंनी हात जोडले.

"भिमाजी, माझं चुकलं."

"आवो, तुमचं पोरगं गेल्तं. तुमी चांगल्या मनानंच लावली."

"तुम्ही मला सांगितलं होतं."

"सांगितलं हुतं," तो म्हणाला. चहा झाला तरी बाईंना उठवेना.

मग त्यांनी ग्रामसभेत अर्ज दिला, अर्धं वन तरी काढून माळ मोकळा करा म्हणून. सरपंच ओंकार त्यांचाच विद्यार्थी. तो गोंधळून गेला. "बाई, झाड तोडू नये हे तुम्हीच शिकवलं. लोकांनी तिथं आपल्या माणसांच्या नावानं झाडं लावलीत. त्यांना काय सांगू?" कुणीतरी मागून म्हणालं, म्हातारपणी असं होतं. बाईंनी चौकट, नाकतोडे, सगळं सांगून पाहिलं. शेवटी ओंकार म्हणाला, "शौनकदादाची चाळीस झाडं तेवढी तुमची. त्यांचं तुम्ही ठरवा."

त्यांनी ठरवलं. तोडणारे आले त्या दिवशी मी त्यांच्यासोबत होते. पहिलं खोड पडलं तेव्हा त्यांनी माझा हात धरला आणि चाळिसावं पडेपर्यंत सोडला नाही. नंतर बोटांना रग लागलेली कळली. त्या रडल्या नाहीत. मला मात्र आवरलं नाही.

अश्विनीनं रस्त्याकडेच्या पट्टीतलं बी आणून पेरलं. पहिल्या पावसाळ्यात नुसतं गाजरगवत आलं. दुसऱ्यात कुसळी गवताचे चार-पाच ठोंब. पण गिरिपुष्प बुंध्यापासून तोडलं तरी पुन्हा फुटतं, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. दर पंधरवड्याला चाळीसही बुंध्यांवर कोवळे, हिरवेगार फुटवे यायचे, आणि बाई एसटीनं जाऊन ते एकेक हातानं खुडायच्या. एकदा म्हणाल्या, "ह्याला जगायचंच आहे गं." आणि खुडत राहिल्या.

यंदा गुडघ्यांमुळे त्यांना जाववत नाही. गेल्या महिन्यात मी जाऊन आले.

"नाकतोडा, चंडोल, काही दिसलं?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"बरं," म्हणाल्या आणि चहा टाकायला आत गेल्या.