कोकोच्या फांदीखालचा पतंग

इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावरच्या त्या गावात बेस्से तिमोच्या तोंडी लागायला कुणी धजत नसे. नवरा गेल्यावर कोकोची तीनशे झाडं तिने एकटीने राखली होती. त्या वर्षी सगळ्यांच्याच बागांत फळं अवेळी पिवळी पडू लागली. फोडावीत तर आत बिया एकमेकींना चिकटून दगड झालेल्या.

तालुक्याहून शेतीचे सल्लागार मुख्सिन आले, गावाच्या आदराच्या बोलीत पाक मुख्सिन. त्यांनी मशिदीशेजारच्या भिंतीवर पंखांवर डोळे असलेल्या पतंगाचं चित्र लावलं. "फळं नासवणारा किडा हाच. दिसला की मारा," म्हणाले. महिनाभर गावाने मोठाले पतंग ठेचले, फळं नासायची ती नासतच राहिली. पुढच्या खेपेला पाक मुख्सिन म्हणाले, "बायका तोडणीत आळस करतात, दुसरं काय."

बेस्सेच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "पाक, तो किडा कधी डोळ्यांनी बघितलाय तुम्ही?"

"इबू," बाईमाणसाला मानाने म्हणतात तसं ते म्हणाले, "पुस्तकात सगळं दिलंय."

"मग पुस्तकालाच धाडायचं होतं. चला बागेत."

एका आडव्या फांदीखाली तिने त्यांना गुडघे टेकायला लावले.

"हा तर डास," ते म्हणाले.

"डासाला असले पंख असतात? नीट बघा."

फांदीच्या पोटाला तो चिकटला होता, नखाहून लहान. अरुंद तपकिरी पंख मिटलेले, त्यांवर पांढरी नागमोडी रेघ, टोकाला हळदीसारखा पिवळा ठिपका. अंगाहून लांब मिशा पाठीवर टाकलेल्या.

"याची अळी फळात शिरते. दर आठवड्याला तोडणी करून टरफलं पुरा, हे मी बारा वर्षं सांगतेय. बाईचं ऐकायचं नाही, आणि खापर मात्र बाईच्याच डोक्यावर."

पाक मुख्सिन पॅन्ट झटकत निघून गेले.

महिन्याने नवं चित्र आलं. रेघ, ठिपका, मिशा, सगळं बरोबर. फक्त पतंग परातीएवढा, आणि खाली 'शोध : मुख्सिन'. शेजारचा ला बेद्दू म्हणाला, "एवढा मोठा आपल्याकडे नाही बुवा."

बेस्सेने चुलीतला कोळसा आणला. चित्राशेजारी तांदळाचा दाणा काढून खाली लिहिलं, 'खरा एवढाच.' मग मुख्सिनचं नाव काळं केलं.

त्या हंगामात बायकांनी दर शुक्रवारी तोडणी केली, टरफलं पुरली. फळं सुधारली. पाक मुख्सिन अभिनंदन करायला आले, तेव्हा बेस्से फळं फोडत बसली होती. तिने मान वर केली नाही.