पवनचक्कीची ढाबळ

सिंगापुरात वन-नॉर्थ भागातल्या ऑफिसात शिरत होतो, तेवढ्यात काकूंचा फोन आला. "अरे, हे गेले..." नवऱ्याचं नाव त्यांनी आयुष्यात कधी घेतलं नव्हतं, तेव्हाही घेतलं नाही. विनायककाका माझ्या बाबांचे पुण्यातले मित्र. इथे माझं रविवारचं हक्काचं जेवण त्यांच्या ईस्ट कोस्टच्या घरी असे.

त्यांच्या कॉन्डोच्या आवारात एक जुनी पवनचक्की होती. पूर्वी तिथे बंगला होता आणि समुद्राच्या वाऱ्यावर ती विहिरीचं पाणी बागेला चढवायची. मग भराव घालून समुद्र लांब ढकलला, मधे इमारती उठल्या, वारा अडला, पाती थांबली. बंगलेवाल्याने आतली यंत्रं काढून भिंतींना फळ्या ठोकल्या आणि कबुतरांची ढाबळ केली. पुढे बिल्डरने जाहिरातीत चक्की छापली, कबुतरं पुसून! हा इतिहास काका घरातल्या माणसाचा सांगावा तसा सांगत. "काम गेलं म्हणून रडत बसली नाही बघ. दुसऱ्यांना घर दिलं." निवृत्त काका हे कोणाबद्दल बोलतायत, ते काकूंना कळायचं, त्या आमटी वाढायच्या. जेवणाआधी काका पानाभोवती चित्राहुती घालत आणि ती शितं नंतर ढाबळीत नेऊन ठेवत. इथे कबुतरांना खायला घालायला बंदी. काकांना ती मान्य नव्हती, मलाही नाही.

कॉन्डोच्या कमिटीने चक्की पाडायचं ठरवलं. मी मोर्चे-पत्रकांच्या घरात वाढलेला; लगेच एक लिहिलं. वारसा, भांडवल, स्मृतीची हत्या... काकांनी चष्मा लावून वाचलं. "जहाल आहे हो! पण यात कबुतरं कुठायत?"

मीटिंगमध्ये त्यांनी एवढंच विचारलं, "ती जातील कुठे?"

"अंकल, ओन्ली पिजन्स, लाह," अध्यक्ष सिंगापुरी हेल काढत हसून म्हणाले. सगळे हसले. विरोधात एकट्या काकांचा हात वर होता.

चक्की पाडली त्या दिवशी काका खाली उभे होते. कबुतरं परत परत येत आणि नसलेल्या जागेवर घिरट्या घालत. त्यानंतर काका जेवायला बसत, पण बोलत नसत. मृत्यूच्या दाखल्यावर हृदयविकार लिहिलाय. लिहू देत.

परवा रविवारी गेलो होतो. काकूंनी काकांच्या रिकाम्या जागेसमोर चार शितं मांडली. जेवण झाल्यावर ती तळहातावर घेऊन बाल्कनीत गेल्या. खाली चक्कीच्या जागी बार्बेक्यूचा नवा ओटा... मग आत आल्या, शितं टिश्यूत गुंडाळली आणि कचऱ्याच्या डब्यात टाकली.