शिक्क्याखालची अक्षरं

ग्रंथालयात तिला सगळे शिक्काबाई म्हणत. वैद्यकीय संशोधन संस्थेचं ते ग्रंथालय. एखाद्या शोधनिबंधातले आकडे बनावट निघाले की नियतकालिक तो मागे घेई, आणि संग्रहातल्या त्याच्या स्कॅन केलेल्या प्रत्येक पानावर ‘मागे घेतला’ असा लाल, तिरपा शिक्का उमटवायचं काम हिचं. शिक्का ती मुद्दाम फिकट ठेवायची, खालचं अक्षर अन् अक्षर वाचता यावं म्हणून. “चूक झाकायची नसते, दाखवायची असते,” असं नव्या मुलींना ऐकवायची. पाठ वळली की त्या नाकं मुरडायच्या.

यंदा संस्थेने सगळा संग्रह एआयला वाचायला दिला, कुणालाही घरबसल्या विचारता यावं म्हणून. आता पानं उघडतंय कोण! प्रश्न टाकायचा, उत्तर घ्यायचं आणि मोकळं व्हायचं. तिला तर बरंच वाटलं होतं.

त्या दुपारी लेकीचा फोन आला. तिला तिसरा महिना लागला होता आणि पोटात पाणी ठरत नव्हतं.

“आता उलट्या थांबल्यात गं,” लेक म्हणाली. “डॉक्टर रजेवर आहेत, म्हणून यांनी एआयला विचारलं. त्याने गोळी सांगितली. तुमच्याच ग्रंथालयातला निबंध दाखवला बघ. म्हटलं, माहेरचं औषध!”

हसत हसतच शिक्काबाईने निबंधाचं नाव विचारलं, आणि ते ऐकताच ती हसायची थांबली. त्या निबंधावर तिनेच शिक्का मारला होता. त्या गोळीने बाळांमध्ये आलेली व्यंगं त्यात लपवली होती.

“कधीपासून घेतेस?”

“झाला असेल आठवडा.”

तिने समोरच्या संगणकावर तोच प्रश्न टाकला. गोळी सुरक्षित आहे, असं उत्तर आलं, तेही किती गोड भाषेत! एआयच्या लेखी शिक्का म्हणजे नुसतं चित्र. त्याने फक्त शिक्क्याखालची अक्षरं उचलली होती. आणि अक्षरं तर हिनेच जपून ठेवली होती.

“ती गोळी बंद कर! आत्ताच्या आत्ता दुसऱ्या डॉक्टरकडे जा!”

“अगं, ओरडतेस काय? त्याने किती नीट समजावून सांगितलंय.”

“खोटा आहे तो निबंध! मी सांगतेय ना!”

हो म्हण गं बाई, एवढंच ती मनात घोकत राहिली.

“थांब हं आई,” लेक म्हणाली, “तू म्हणतेस ते खरंय का, त्याला विचारून बघते.”